दुसऱ्या फेरीची कृती

आजारी पडायचंच असेल, तर शीव कोळीवाड्याइतकी सोयीची जागा मुंबईत शोधून सापडणार नाही. जीटीबी नगर स्टेशनातून चालत निघालं की लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं सायन हॉस्पिटल. १९४७ साली लष्कराच्या बराकींत सुरू झालेलं. रुळांपलीकडे धारावीत त्याचंच आरोग्य केंद्र, लोकांच्या तोंडी 'छोटा सायन'. वडाळ्याला कुष्ठरोगासाठी अ‍ॅकवर्थ, शिवडीला टीबीचं रुग्णालय, चिंचपोकळीला साथीच्या आजारांसाठी कस्तुरबा, परळला केईएम. शिवाय पालिकेच्या एफ उत्तर विभागाचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रं आहेतच. आणि एवढं सगळं हाताशी असताना पुलाखाली झोपणाऱ्या माणसाच्या घोट्यावरची जखम अख्खा पावसाळा तशीच वाहत राहते.

अशा माणसाला एकदा दवाखान्यात नेणं फार अवघड नसतं. कुणीतरी कळवळ्याचा भेटतो, टॅक्सीत घालतो, मलमपट्टी होते, गोळ्या मिळतात. गाडं अडतं ते डॉक्टर 'आठ दिवसांनी या' म्हणतात तिथे. रुग्ण घरी जाईल, गोळ्या फळीवर ठेवेल, वेळेवर जेवेल, तारीख लक्षात ठेवून परत येईल, असं आपली सगळी सरकारी आरोग्यव्यवस्था धरून चालते. यातलं पहिलं पाऊलच, म्हणजे घर, ज्याला नाही त्याची दुसरी फेरी होत नाही. पुढची कृती त्या दुसऱ्या फेरीसाठी आहे. पहिल्या फेरीतली प्रत्येक गोष्ट तिच्या तयारीसाठी करायची.

हे काम गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला जमतं, नर्सिंगच्या विद्यार्थिनीला जमतं, निवृत्त काकांना जमतं, स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला तर सगळ्यात चांगलं जमतं. दोघांनी मिळून करावं आणि दोघांत एक बाई असावी. अंगावर जातंय, हे फुटपाथवरची बाई परक्या पुरुषाला सांगणार नाही.

साहित्य: चेन असलेली जाड प्लास्टिकची पिशवी, वही, निळं आणि लाल अशी दोन पेनं, पाण्याची बाटली, निर्जंतुक पट्टीची दोन-चार पाकिटं, शंभर-दोनशे रुपये सुट्टे आणि मोठ्या मापाच्या रबरी चपला. चपला मुद्दाम सांगतो. पायाला पट्टी बांधली की स्वतःची चप्पल चढत नाही, आणि अनवाणी निघालेली पट्टी नाक्यापर्यंतही कोरडी राहत नाही. पहिल्या भेटीत ब्लँकेट, बिस्किटं, कपडे नेऊ नका. एकदा तुम्ही दाते झालात की बोलणं देण्याघेण्यावर जातं आणि दुखण्याचं राहून जातं.

१. आधी ओळख

दुखणं विकोपाला गेलेल्या दिवशी पहिली ओळख करून घ्यायला गेलात, तर उशीर झाला. रात्री दुकानांची शटरं पडली आणि अंथरुणं पसरली की जा, नाहीतर पहाटे, लोक कामाला पांगायच्या आत. खाली बसा. उभ्याने बोलणारा माणूस पोलिसांचा असतो, पालिकेचा असतो किंवा कुठल्यातरी संस्थेचा, आणि तिघांचीही धास्ती असते.

ही धास्ती उगाच नाही. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्याखाली उचललेल्या माणसाला चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात धाडता येतं. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची बहुतेक कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. आपल्याकडे ती शाबूत आहेत. त्यामुळे 'चला, गाडीत बसा, दवाखान्यात नेतो' हे वाक्य तुमच्या दृष्टीने कितीही प्रेमाचं असलं, तरी ऐकणाऱ्याला त्यात दुसरीच गाडी दिसते. म्हणून माणूस चालू शकत असेल तर चालतच न्या. कुठे जायचं, कोणत्या रस्त्याने जायचं आणि परत कधी यायचं, हे निघण्याआधी सांगा.

पहिल्या दिवशी आधार कार्ड विचारू नका, फोटो काढू नका, 'गाव कोणतं' याची उलटतपासणी नको. पारधी कुटुंबांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा. १८७१ च्या कायद्याने त्यांच्या माथी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, पण सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाईला नाव-गाव विचारलं की ती अजूनही आधी मुलाला जवळ ओढते. काका, मावशी, चाचा, अण्णा, जे तिथे चालतं ते म्हणा. या भागात तमिळ बोलणारी माणसंही बरीच आहेत. मराठी-हिंदी दोन्ही चालेना तर शेजारच्या बिछान्यावरचा कुणीतरी दुभाषा निघतोच.

मग विचारा, काय होतंय. उत्तर बहुधा तुमच्या डोळ्यांसमोर असलेल्या दुखण्याचं येत नाही. पाय खांबासारखा सुजलेला दिसतोय, पण मावशी सांगतात, 'झोप नाय लागत.' त्या सांगतात ते वहीत पहिलं लिहा. दवाखान्यातही तेच पहिलं सांगायचं. झोपेचं कुणी ऐकून घेतलं, तर पाय दाखवायला त्या पुन्हा येतील.

२. आत्ता, आज की या आठवड्यात

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट, शुद्ध हरपणं, धाप, गरोदर बाईला रक्तस्राव, ताप येऊन पायाचं बोट काळं पडणं, यातलं काहीही असेल तर बाकीची कृती बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. पावसाळ्यात यात आणखी एक भर. गांधी मार्केट आणि किंग्ज सर्कलला पाणी तुंबलं की त्या पाण्यात पायाला जखम असलेली माणसं तासन्‌तास उभी असतात. त्यानंतर ताप, पोटऱ्यांत गोळे, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी, असं दिसलं तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्या आणि थांबू नका. अशा पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत, ताप नसतानाही, प्रतिबंधक गोळी घेण्यासाठी दवाखाना गाठावा, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. गोळी कोणती आणि किती हे डॉक्टर ठरवतील. गरोदर बाया आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं.

तातडीच्या रुग्णाला नातेवाईक नाही, कागद नाही, पोलीस आलेले नाहीत, या कारणावर थांबवता येत नाही. आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सांगितलं. सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, हे १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालात आलं. नाव सांगता येत नसेल तर 'अनोळखी' म्हणून नोंद होते. रस्त्यावरच्या अपघातातल्या माणसाला नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. मात्र निकालांची नावं कॅज्युअल्टीच्या दारात तोंडावर फेकू नका. ती तुमचा कणा ताठ राहावा म्हणून आहेत. दारात एवढंच म्हणा, 'मी नातेवाईक नाही, पण पेशंट तपासून होईपर्यंत थांबतो.' थांबणारा माणूस दिसला की कामं हलतात.

माणूस स्वतःशीच बोलत असेल, अंगावर कपड्यांचे थर चढवून उन्हात बसला असेल, तर त्याला ओढत नेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार असा भटकणारा आजारी माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला, तर २४ तासांच्या आत त्याला सार्वजनिक रुग्णालयात न्यायचं असतं, कोठडीत ठेवायचं नसतं. आणि निराधार, बेघर माणसाला मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळणं हा त्याच कायद्यातला हक्क आहे, मग दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. अशा माणसांना बरं करून त्यांच्या गावी पोहोचवण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी करत आले आहेत. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर सल्ला विचारा.

३. कोणतं दार, किती वाजता

मोठं हॉस्पिटल समोर दिसतं म्हणून साध्या दुखण्यासाठी थेट तिथे जायचा मोह होतो. तो आवरा. सकाळच्या ओपीडीची रांग म्हणजे नाक्यावरची मजुरी बुडाली. नाक्यावर उभं राहायची वेळ आणि केसपेपर काढायची वेळ एकच. दोनशे रुपये देऊन कुणी बोलावलं तरी लोक ओपीडीत जाणार नाहीत, कारण त्या दिवशी मुकादमासमोर दिसलं नाही तर उद्याचंही काम जातं.

इथे पालिकेचा 'आपला दवाखाना' कामाला येतो. नोव्हेंबर २०२२ पासून हे दवाखाने सुरू झाले. सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० अशा दोन पाळ्या, तपासणी आणि औषधं मोफत, आणि १४७ प्रकारच्या रक्तचाचण्याही मोफत, अशी ती योजना. सगळीकडे हीच वेळ पाळली जाते असं धरून चालू नका. दोन दिवस आधी स्वतः जाऊन दारावरचा फलक वाचा. संध्याकाळची पाळी तुमच्या माणसासाठी आहे. सहानंतर गेलात तर मजुरी बुडत नाही, ऊन नसतं, आणि डॉक्टरांनाही बोलायला जरा सवड असते.

हॉस्पिटलात जायची वेळ आली तर दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. चिठ्ठी असली की कोणत्या विभागात जायचं हे ठरलेलं असतं, नाहीतर अर्धा दिवस या मजल्यावरून त्या मजल्यावर जातो. हॉस्पिटलात पोहोचल्यावर वैद्यकीय समाजसेवकांचं टेबल गाठा. बाहेरून आणायला सांगितलेली वस्तू परवडत नसेल, तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत गरजूंसाठी पुअर बॉक्स फंड असतो, आणि त्याची वाट या टेबलावरून जाते.

४. बोचकं

सगळ्यात जास्त माणसं या पायरीवर गळतात आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच पायरीबद्दल. माणूस यायला तयार आहे, दवाखाना उघडा आहे, वेळ ठरली आहे. तरी तो उठत नाही. नीट पाहा, त्याची नजर कुठे जाते ती. खताच्या गोणीचं शिवलेलं बोचकं शेजारी असतं. त्यात एक चटई, गोधडी, जर्मनची पातेली, स्टोव्ह, मुलाच्या शाळेचा दाखला असलेला पत्र्याचा डबा, कधी देवाची तसबीर. संसार म्हणतात तो एवढाच, आणि तो तासभर सोडून गेलं तर चोर नेईल किंवा पालिकेची अतिक्रमणवाली गाडी नेईल. चोराकडून एखादी वस्तू परत मिळाल्याचं ऐकिवात आहे. गाडीत गेलेलं मिळत नाही.

तेव्हा 'कुणी नाही नेत हो' असं म्हणू नका. नेतात. बोचक्याची सोय हा तुमच्या कामाचा भाग समजा. शेजारच्या बिछान्यावरच्या माणसाला विचारा, पण ज्याचं बोचकं आहे त्याच्यासमोर आणि त्याच्या संमतीने. पानवाला, चप्पल शिवणारे काका, गुरुद्वाऱ्यातला सेवेकरी, रात्रपाळीचा वॉचमन, यांपैकी एकाशी आधीच ठरवून ठेवा. दोघं असाल तर एकाने तिथेच बसावं. आणि माणूस बोचकं घेऊनच येतो म्हणाला तर एक टोक तुम्ही धरा. दवाखान्यात बाकाखाली बोचकं सरकवलं की कुणाला अडचण होत नाही. कुत्रं मागे येत असेल तर येऊ द्या. ते दाराबाहेर थांबतं.

पैसे आणि गोळ्या मात्र बोचक्यात ठेवू देऊ नका. कमरेला बांधायची कापडी पिशवी मिळाली तर उत्तम. पुढच्या सहा महिन्यांत बोचकं एकदा तरी जाणार, हे धरूनच चाला.

५. खिडकी

केसपेपरच्या खिडकीवर तीन प्रश्न येतात: नाव, वय, पत्ता. तिन्ही घोळाचे.

नाव: फुटपाथवरच्या माणसाला दोन-तीन नावं असतात. घरचं एक, मुकादमाने पाडलेलं एक, आणि पोलिसांना सांगायचं एक. दवाखान्यासाठी कोणतं वापरायचं हे त्यालाच ठरवू द्या; मात्र ठरलं की दर वेळी तेच, त्याच स्पेलिंगने. वयाचंही तसंच. आज ५० आणि पुढच्या वेळी ५८ लिहिलं की संगणकावर दोन माणसं होतात आणि मागचे रिपोर्ट सापडत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पत्ता: 'नाही' म्हणू नका. खिडकीतल्या माणसाला रकाना भरायचा असतो, आणि रिकामा रकाना दिसला की तो आधार मागतो. 'जीटीबी नगर पुलाखाली, शीव कोळीवाडा, मुंबई ३७' हा पत्ता चालतो, आणि तो खराही आहे. स्वतःच्या घरचा पत्ता देऊ नका. आरोग्यसेविका पाठपुराव्याला तुमच्या बिल्डिंगीत येईल आणि परत जाईल. फोन नंबर मात्र तुमचा किंवा चहावाल्याचा द्या, माणसाला विचारून.

आधार मागितलं तर आवाज न चढवता म्हणा, 'आत्ता नाही, केसपेपर काढून द्या.' आधार नाही म्हणून आवश्यक सेवा नाकारू नका, असं आधार प्राधिकरणानेच २०१७ मध्ये कळवलेलं आहे, आणि डिजिटल आरोग्य खातं काढणं तर ऐच्छिकच आहे. तरीही नाही म्हणाले तर खिडकीशी भांडण नको, आत वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिथेही अडलं तर माटुंग्याला एफ उत्तर विभाग कार्यालयात आरोग्य अधिकारी बसतात. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहा. माझा अनुभव विचाराल तर आतल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलं की बहुतेक वेळा काम होतं.

वासाचा विषय टाळता येणार नाही. बाकावरची माणसं सरकतात, पदर नाकाला जातो, आणि ज्याच्यामुळे ते होतं त्याला ते सगळं कळतं. आदल्या दिवशी आंघोळीची सोय होत असेल तर करा. सुट्टे पैसे त्यासाठीही आहेत. पण आंघोळ झाली नाही म्हणून फेरी रद्द करू नका. तुम्ही त्याच्या शेजारी, खेटून बसा. बाकी काही बोलायची गरज पडत नाही.

६. डॉक्टरांसमोर

गर्दीच्या दवाखान्यात तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यात सांगायची तीन वाक्यं बाहेरच ठरवून घ्या: काय होतंय, कधीपासून, आणि रात्री झोपतो कुठे. तिसरं वाक्य सगळे विसरतात. खोकल्याच्या माणसाबरोबर त्याच पुलाखाली दहाजण झोपतात, हे कळल्यावर डॉक्टर थुंकीची तपासणी आजच सांगतील. माणसाला स्वतः बोलू द्या. तो अडला तरच तुम्ही. दारूबद्दल विचारलं तर खरं सांगायचं, हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा; काही गोळ्यांचं आणि दारूचं जुळत नाही, म्हणून डॉक्टर विचारतात.

जखम दाखवायची असेल तर घरगुती उपाय करून नेऊ नका. हळद, चहापत्ती, तंबाखू, जखमेवर काय काय दाबलेलं असतं. तुम्ही फक्त स्वच्छ पाणी ओता, कोरडी पट्टी ठेवा, सैलसर बांधा. जखमेत अळ्या दिसल्या तर चिमट्याने ओढायला जाऊ नका. खोल गेलेल्या तुटून आत राहतात. दवाखान्यातल्या ड्रेसरचं ते रोजचं काम आहे. त्यांना 'दादा' म्हणा, पुढच्या वेळी नाव घेऊन हाक मारा. एक दिवसाआड येणारा माणूस डॉक्टरांना क्वचित आठवतो, ड्रेसरला नक्की आठवतो. दुसऱ्या फेरीची निम्मी हमी या ओळखीत आहे.

७. चिठ्ठी फुटपाथला बसवा

औषधं घेऊन लगेच निघू नका. खिडकीपासून बाजूला व्हा, बाकावर बसा आणि एकेक गोळी हातात घेऊन विचारा, ही कुठे आणि कशी घेणार?

रक्तदाबासाठी लघवीची गोळी लिहिलेली असते. ती घेतली की बाईला दर तासाला जावं लागतं, आणि पैसे घेणाऱ्या शौचालयात प्रत्येक वेळेला पाच रुपये. रात्री तेही बंद, अंधारात एकटीने जायचं कुठे? आठ दिवसांत ती गोळी गुपचूप बंद करते, पाय पुन्हा सुजतात, आणि कागदावर लिहिलं जातं की पेशंट औषध नीट घेत नाही. मधुमेहाची गोळी 'जेवणानंतर', आणि जेवण म्हणजे दुपारचा लंगर, तेही मिळालं तर. झोपेची गोळी फुटपाथवर घेता येत नाही; गाढ झोपलेल्याच्या उशाखालची पिशवी जाते, आणि बाई असेल तर तिला जागं राहणंच भाग असतं. मावशींची 'झोप नाय लागत' ही तक्रार कधीकधी पहारा असतो.

म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे आत जा. औषध तुम्ही बदलायचं नाही, अडचण सांगायची. 'डॉक्टर, रात्री शौचालय बंद असतं, ही सकाळी घेतली तर चालेल का?' 'एकच वेळ जेवण असतं, काय करू?' असं विचारलं की पर्याय निघतो: वेळ बदलते, दिवसातून तीनदाची गोळी एकदाची होते, काचेच्या बाटलीतलं सिरप जाऊन गोळी येते. इन्सुलिन असेल तर थंड जागेचा प्रश्न. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं उपयोगी पडतं. त्याहून बरं म्हणजे औषधाच्या दुकानदाराला विनंती करून कुप्या त्याच्या फ्रीजमध्ये ठेवणं. सुई दवाखान्यातच टोचून घेता येईल का, तेही विचारा.

आता लाल-निळं पेन काढा. सकाळच्या गोळीच्या पाकिटावर लाल सूर्य, रात्रीच्या पाकिटावर निळा चंद्र. अक्षर न येणाऱ्यालाच याची गरज असते असं नाही. दिव्याच्या उजेडात सगळ्यांनाच ते बरं पडतं. कागद आणि गोळ्या चेनच्या पिशवीत, पिशवी कमरेला. केसपेपरचा फोटो माणसाच्या परवानगीने तुमच्या फोनमध्ये, आणि एक झेरॉक्स चहावाल्याच्या गल्ल्यात.

८. दुसरी फेरी

'१४ तारखेला या' हे वाक्य फुटपाथवर टिकत नाही. तारखा भाडं भरणाऱ्यांच्या आणि पगारवाल्यांच्या असतात. दिवस एखाद्या खुणेला बांधा: सोमवारी, शंकराच्या देवळाबाहेर जेवण वाटतात त्या संध्याकाळी, किंवा शुक्रवारी नमाजानंतर. आदल्या रात्री जाऊन आठवण करून द्या. ठरलेल्या दिवशी माणूस जागेवर नसला तर चिडू नका, चौकशी करा. पुलाखाली साफसफाई झाली का, नवीन वॉचमन आला का, काम वाशीला लागलं का. शेजाऱ्यांना माहीत असतं.

टीबीच्या बाबतीत दुसरी फेरी म्हणजे सहा महिने. साध्या टीबीचा उपचार तेवढा असतो आणि गोळ्या रोज घ्यायच्या असतात. मध्येच सोडल्या तर औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका. त्यासाठी आरोग्य केंद्रात सांगून एक उपचार-सहायक नेमून घ्या. तो डॉक्टर-नर्सच असला पाहिजे असं नाही. रोज सकाळी जिथे पहिला चहा घेतला जातो तो चहावाला यासाठी नामी, कारण त्याला भेटल्याशिवाय दिवस सुरूच होत नाही. चहाच्या ग्लासाबरोबर गोळ्या, त्याच्यासमोर. पेरणीला किंवा लग्नाला माणूस जालना-परभणीकडे निघाला, तर जाण्याआधी केंद्रात सांगा आणि निक्षय क्रमांक, म्हणजे त्याचा टीबी नोंदणीचा क्रमांक, कागदावर मोठा लिहून द्या. त्या क्रमांकावर गावाजवळच्या केंद्रात गोळ्या पुढे चालू ठेवता येतात. काही अडलं तर टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार दरमहा पैसे देतं. २०१८ पासून ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. ते बँक खात्यात येतात. खातं नसलेल्याचे पैसे अडकतात, म्हणजे ज्याला जेवणाची सगळ्यात जास्त गरज त्याच्यापर्यंतच ते पोहोचत नाहीत. शून्य शिलकीचं जनधन खातं पहिल्या महिन्यातच काढायच्या मागे लागा.

आणि बोचकं गेलं, गोळ्या गेल्या, असं झालं की त्याच दिवशी केंद्रात जा. 'हरवल्या' सांगायला लोक लाजतात, ओरडा बसेल म्हणून महिनाभर फिरकत नाहीत. तुम्ही बरोबर असलात तर नर्सबाईंचा ओरडा तुम्हाला बसतो. तो घ्या आणि गोळ्या घेऊन या.

९. कागद, आता

कागदांची पायरी इतक्या उशिरा ठेवली आहे ती मुद्दाम. आधी कागद, मग उपचार, असा क्रम लावला की माणूस कागदातच संपतो. पण मोठं दुखणं निघालं तर कागद लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आणि तिथे रेशनकार्ड किंवा रहिवासाचा पुरावा आणि ओळखपत्र मागतात. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते.

आधारसाठी घर लागतंच असं नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने किंवा आमदार-खासदारांनी प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. ते तीन महिनेच ग्राह्य असतं, तेव्हा घेतल्या आठवड्यात केंद्रावर जा. अडचण निवाऱ्यांची आहे. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक बारमाही निवारा, हे २०१३ च्या केंद्रीय योजनेतलं प्रमाण. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. त्या आकड्याच्या जवळपासही आपण नाही, आणि त्याच जनगणनेत शहरात सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले होते. रात्री पुलाखाली मोजणी कशी होते हे ज्याने पाहिलंय, तो या आकड्यावर अवलंबून राहणार नाही.

१०. अर्ज

एकेका माणसाची दुसरी फेरी तुम्ही करून घ्याल. शेवटचं काम हे की ती तुमच्याविना व्हावी. पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविका ठरलेल्या वस्तीत घरोघर फिरतात: गरोदर बाया, बाळांची लस, जुना खोकला, सगळं नोंदवतात. त्यांच्या यादीत खोल्या असतात. फुटपाथ कुणाच्याच यादीत नसतो, म्हणून दीड महिन्याच्या बाळाची लस पुलाखाली राहून जाते. आरोग्यसेविकेला दोष देऊ नका; तिला नेमून दिलेलं क्षेत्र ती करते.

एफ उत्तरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहा. लांबण लावू नका, व्यथा नको, कायद्यांची जंत्री नको. अमुक पुलाखाली आणि तमुक फुटपाथवर अंदाजे इतकी कुटुंबं रात्री असतात, त्यात पाच वर्षांखालची मुलं इतकी, गरोदर बाया इतक्या, भेटण्याची योग्य वेळ रात्री ८ नंतर. हा भाग जवळच्या आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात धरावा आणि महिन्यातून एक लसीकरण सत्र इथे घ्यावं. माणसांची नावं अर्जात लिहू नका. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा: स्टेशन, पूल, सार्वजनिक नळ, शौचालय, चहाची टपरी. दोन प्रती न्या. एक तिथे द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. क्रमांक पुसट उमटला असेल तर तिथेच थांबून पेनाने पुन्हा लिहून घ्या. पंधरा दिवसांनी चौकशीला जाल तेव्हा टेबलावरचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो.